सुकेळी उलटणाऱ्या आजी आणि आमचं व्यासपीठ

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत हिवाळ्यातल्या व्याख्यानमालेची नावं ठरत होती. एक निवृत्त न्यायाधीश, एक इतिहासाचे अभ्यासक, एक आहारतज्ज्ञ अशी यादी झाली. चौथ्या दिवसासाठी मी वसईच्या एका आजींचं नाव सुचवलं. शिक्षण सातवीपर्यंत, वय पंचाहत्तरच्या पुढे, काम शेतीचं आणि केळी वाळवण्याचं. विषय मीच सुचवला होता, ‘आमचं रोजचं काम आणि आमची प्रार्थना’. नाव वाचून एकाने विचारलं, “ख्रिश्चन आहेत का?” मी हो म्हटलं. “मग नको, बाई. उगाच धर्मप्रचार म्हणतील.” कोणी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. यादीत चौथं नाव दुसरंच लिहिलं गेलं.

मी दांडिया बाजारात वाढले, याच शहरात तीस वर्षं मराठी शिकवलं. त्या संध्याकाळी सुरसागरच्या काठाने घरी येताना मला सारखं वाटत होतं, की आज आपण एका व्याख्यानाला नाही, मराठीच्या एका आख्ख्या घराला नकार दिला.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन वसईला गेली, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. बडोद्याहून रात्रीची गाडी पकडली की पहाटे वसई रोड. स्टेशनची गर्दी मागे टाकून रिक्षा गावाकडे वळली, की वाड्या सुरू होतात. विहीर, माडाची रांग, घरासमोर झेंडूच्या माळा घातलेला क्रूस. बहिणीच्या शेजारची वाडी या आजींची. पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा त्या लाल लुगड्यात बांबूच्या मांडवासमोर उभ्या होत्या आणि मांडवावर राजेळी केळी वाळत होती. सुकेळी अशी होतात. पिकलेलं राजेळी केळं सोलायचं, उन्हात मांडायचं, रोज उलटायचं, संध्याकाळी दव पडण्याआधी झाकायचं, सकाळी पुन्हा उघडायचं. असं कितीतरी दिवस चालतं. मग ते मधासारखं तांबूस होतं आणि सुक्या पानात बांधून ठेवता येतं.

आजी एकेक केळं दोन बोटांनी उचलून पालथं करत होत्या. मी बघत उभी राहिले, तर म्हणाल्या, “बाय, त्या टोकाची तुम्ही उलटा.” मी उलटू लागले. चिकट होती, बोटांना लागत होती. मी विचारलं, रोज कशाला उलटायची? त्या म्हणाल्या, “एकाच बाजूला ऊन लागलं की ती बाजू कडक होते. खालची ओली राहते, आणि बुरशी तिथूनच धरते.” थोडा वेळ गेला. मग त्या स्वतःशी बोलावं तशा म्हणाल्या, “माणूस पण देवासमोर बसतो तेव्हा आपली एकच बाजू धरून बसतो. चांगली असते ती. खालची कधी दाखवत नाही.” आणखी दोन रांगा झाल्या. “ऊन त्याचं. सगळ्यांच्या मांडवावर सारखंच पाडतो. आपण फक्त उलटायचं.”

त्या वाक्यामागे बायबलमधलं शुभवर्तमान आहे हे मला नंतर कळलं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, की पिता आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो. पण बुरशीची गोष्ट तिथे नाही. ती आजींची आहे, त्यांच्या मांडवावरची आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं एक वाक्य आणि वसईतल्या केळ्याची ओली बाजू त्यांनी अशी जोडली, की मी, घरात रोज गणपतीची आरती म्हणणारी बाई, त्या रात्री माझी खालची बाजू कोणती याचा विचार करत जागी राहिले.

त्यांनी मला एकदाही चर्चमध्ये बोलावलं नाही. माझा देव कोणता हे विचारलं नाही. मी उलटलेली केळी नीट उलटली की नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

प्रचार म्हणजे काय तेही मी पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला राग आहे. माझी आई शेवटच्या दुखण्यात एका दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस खाटेशी आला, तिच्या उशाशी एक पत्रक ठेवलं आणि म्हणाला, हे वाचा, बरं वाटेल, फक्त विश्वास ठेवा. आईला डोळे उघडायची ताकद नव्हती. माझा हात थरथरत होता. मी ते पत्रक त्याला परत दिलं आणि जायला सांगितलं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून उत्तर मागणं हा मला अन्याय वाटला आणि आजही वाटतो. म्हणून आमच्या कार्यकारिणीतल्या माणसांची भीती मी वेडगळ मानत नाही. त्यांनीही कुठेतरी असं काही पाहिलेलं असणार.

पण म्हणूनच फरक नीट पाहायला हवा. त्या माणसाला आईच्या आजाराशी काही घेणं नव्हतं, त्याचं वाक्य आधीच छापून तयार होतं. आजींचं वाक्य केळं हातात घेतल्यावर तयार झालं. एकाला माझा होकार हवा होता, दुसरीला मांडवाच्या त्या टोकाला एक हात हवा होता. चिंतन आणि प्रचार यांतली ही रेघ ओळखणं अवघड नाही. आपण मराठी माणसं तर ती जन्मापासून ओळखतो. सावता माळ्याला मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात विठाई दिसली, गोरोबांनी माती तुडवताना देहभान हरवलं, जनाबाईच्या जात्याशी देव येऊन बसला. आपण हे ऐकतो तेव्हा कोणी आपल्याला कुठे ओढून नेत आहे असं वाटत नाही. माळ्याचं, कुंभाराचं, दळणाऱ्या बाईचं काम आपल्याला दिसतं आणि त्या कामातून आत जाण्याची वाट दिसते. मग केळी वाळवणाऱ्या बाईने तीच वाट दाखवली, तर ती एकदम संशयाची का व्हावी?

येशूचं बोलणंही असंच आहे. पिठात खमीर मिसळणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, पेरणारा शेतकरी, जाळं टाकणारे कोळी. त्याचे पहिले शिष्य पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान हे चौघेही मासे धरणारे. ज्याला गालीलचा समुद्र म्हणतात ते खरं तर गोड्या पाण्याचं सरोवर, पण वारा सुटला की नावा हेलकावणारं. मी बहिणीबरोबर पाचूबंदरला मासळी आणायला गेले होते, तेव्हा होड्या नुकत्याच लागल्या होत्या. ओल्या वाळूवर बायका फतकल मारून बसल्या होत्या आणि जाळ्यातून निघालेला ढीग निवडत होत्या. बोंबील एका टोपलीत, कोळंबी दुसरीत, उरलेलं बाजूला. मत्तयच्या तेराव्या अध्यायातला जाळ्याचा दृष्टान्त मी आधी वाचला होता. त्यात एक शब्द आहे, ‘बसून’. जाळं काठाला ओढलं आणि त्यांनी बसून चांगले मासे भांड्यांत भरले. पुस्तकात मी त्या शब्दावर थांबले नव्हते. पाचूबंदरच्या वाळूवर कळलं, की निवडायचं काम उभ्याने होत नाही. घाईत होत नाही. न्याय करायला बसावं लागतं. समुद्रकाठच्या माणसाने ते सांगितलं, समुद्रकाठच्या माणसांना ते लगेच कळलं असणार, आणि बडोद्याच्या मला ते कळायला वसईचा काठ लागला.

अशी दारं मराठीत आजची नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात आला आणि 1616 साली त्याने तिथल्याच रायतूरला ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, दहा हजारांहून जास्त ओव्या. ज्ञानदेव-एकनाथांचा छंद त्याने परका मानला नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक मुळातून बायबलचं मराठी केलं. साध्या, न शिकलेल्या बायकांना वाचता येईल असं मराठी त्यांना हवं होतं. 1922 साली त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी पुरं करत आणलं होतं, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या त्यांच्या मुक्ती सदन या आश्रमातल्याच बायका होत्या. नारायण वामन टिळक तर सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ही माणसं कोणत्या भाषेत देवाशी बोलत होती? आपल्याच. तरी वाचनालयात त्यांची पुस्तकं ‘धर्म’ या कपाटात, त्यातही शेवटच्या खणात असतात, आणि ‘ललित’च्या कपाटाकडे त्यांना कोणी येऊ देत नाही. सावत्याला आपण साहित्य म्हणून शिकवतो. मीही तीस वर्षं शिकवलं. टिळकांची एखाद-दुसरी निसर्गकविता शिकवली, पण त्यांची भक्ती शिकवली नाही. हे माझंही ओझं आहे.

बडोद्यातल्या मराठी माणसाला हे मी जास्त आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. आपल्यापैकी कोणी पुण्यात लग्नाला गेलं, की ताटावर बसल्या बसल्या कोणीतरी विचारतंच, “तुम्ही बडोद्याचे? मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?” कौतुकच असतं ते, पण घास घशात अडकतो. पिढ्यान् पिढ्या घरात मराठी बोललो, इथे राज्यकारभारात मराठी पाहिली, आणि तरी आपण मराठीचे पाहुणे. हाच प्रश्न वसईच्या ख्रिस्ती माणसाला मुंबईत विचारतात. “तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी इतकं चांगलं कसं?” बहिणीच्या शेजारच्या मुलाने मला हे सांगितलं, तेव्हा मी त्याचा हात धरला. आपल्याला गावावरून परकं करतात, त्याला देवावरून. ज्याला हे दुखतं त्याने ते दुसऱ्याला करू नये.

2018 साली मराठी साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात भरलं. दोनच वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये, उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. ‘सुवर्ता’ मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि तरी निवड झाली तेव्हा विरोध झालाच, धमक्याही आल्या. मराठीने त्यांना अध्यक्ष केलं याचा मला अभिमान आहे. पण अध्यक्षपद एकाला देता येतं. चौथ्या दिवसाची एक संध्याकाळ एका शेतकरी बाईला देणं अजून बाकी आहे.

गुजराती शेजाऱ्यांनी हे कसं केलं तेही आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. फादर वालेस स्पेनमध्ये जन्मले, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गणित शिकवत. ते गुजराती शिकले, गुजरातीत लिहू लागले आणि कॉलेजातलं राहणं सोडून पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधल्या, साध्या घरांत पाहुणे म्हणून राहिले. एका घरी काही दिवस, मग दुसऱ्या घरी, अशी दहा वर्षं. घरात सासू-सून कशा बोलतात, मुलगा परीक्षेत नापास झाला की बाप गप्प कसा बसतो, हे ते बघत आणि त्यावर लिहीत. गुजरातीने त्यांना 1978 साली रणजितराम सुवर्णचंद्रक हा साहित्यातला मोठा सन्मान दिला. माझ्या शाळेतल्या गुजराती सहकारी बाई रविवारच्या अंकातली त्यांची कात्रणं कापून डब्यात ठेवत. त्या बाई स्वामिनारायणाच्या. त्यांचा देव काही त्या कात्रणांनी हलला नाही. मराठीच्या वाट्याला तर स्पेनहून माणूस यायची गरजच नव्हती. आपली माणसं वसईत चारशे वर्षं बसली आहेत.

इतिहासाचं काय, असं मला एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न खरा आहे. 1534 साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या राज्यात देवळं पाडली गेली, सक्तीची धर्मांतरं झाली. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. हे विसरून बोलावं असं मला वाटत नाही आणि आजींच्या घरातही ते कोणी विसरलेलं नाही. पण 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मराठ्यांनी काय केलं ते बघा. चर्चमधल्या घंटा त्यांनी वितळवून टाकल्या नाहीत. हत्तींवरून, गाड्यांवरून त्या आपल्या देशी आणल्या आणि देवळांत टांगल्या. भीमाशंकरला एक आहे, मेणवलीला एक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर 1721 हे साल कोरलेलं आहे. तीच नारोशंकराची घंटा, जी आपण मोठ्या आवाजाच्या माणसाला सहज म्हणून टाकतो. शत्रूच्या देवाची घंटा महादेवासमोर वाजली, तेव्हा महादेवाचं काही उणं झालं नाही. घंटेचा नाद ओळखणारी ती माणसं होती. त्यांचे आपण वंशज म्हणवतो, आणि सुकेळ्यांबद्दल बोलणाऱ्या एका आजींना घाबरतो.

कायद्याची भीतीही एकाने बोलून दाखवली. गुजरातेत 2003 चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला. तो बळजबरीने, आमिषाने, फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतराबद्दल आहे. भर सभेत, मराठीत, शंभर माणसांसमोर आपल्या कामाबद्दल आणि त्या कामात सुचलेल्या देवाबद्दल बोलणं यात कोणाची बळजबरी आहे? ऐकायला आलेला माणूस उठून जाऊ शकतो. माझी आई खाटेवरून उठून जाऊ शकत नव्हती. कायदा तिच्यासाठी असावा, व्याख्यानमालेसाठी नाही.

आणि मग उद्या सगळ्यांनाच बोलवावं लागेल, हा शेवटचा मुद्दा. बोलवू या की. मोमीन विणकराला बोलवू, जैन दुकानदाराला बोलवू, काहीच न मानणाऱ्या सुताराला तर आधी बोलवू. अट एकच ठेवू, की वक्त्याने स्वतःच्या हातच्या कामापासून सुरुवात करावी. तत्त्वज्ञान सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

हे शहर असं ऐकत आलेलं आहे. सयाजीराव महाराजांनी बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची सोय केली, आणि 1933 साली शिकागोत भरलेल्या सर्वधर्म परिषदेच्या व्यासपीठावर ते स्वतः उभे राहिले. 1910 पासून अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्या हातून त्यांनी वाचनालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत. त्या पेटीत काय असावं यावर गावकऱ्याचा देव विचारला जात नव्हता. आपली आजोबा-आजी त्या पेट्यांमधलं वाचून शहाणी झाली.

समुद्रकाठच्या कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला आपण अमावस्येला जातो. भरती येते, पिंड पाण्याखाली जाते. ओहोटी लागली की पुन्हा दिसते. दिवसातून दोनदा. तिथे काठावर उभ्या असलेल्या बडोद्याच्या माणसाला कोणी काही सांगावं लागत नाही, तो आपोआप गप्प होतो. मागच्या खेपेला मी आजींना ही गोष्ट सांगितली. त्या हातातलं काम थांबवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमचा देव रोज बुडतो आणि रोज उठतो.” माझ्या देवाबद्दल इतकं जवळचं वाक्य मी आमच्या कोणत्याही प्रवचनात ऐकलेलं नाही. मी ते त्यांच्या परवानगीने घरी आणलं.

कार्यकारिणीची पुढची बैठक महिन्याअखेरीस आहे. या वेळी मी नुसतं सुचवलं नाही, लेखी दिलं आहे, खाली माझ्यासह सात सभासदांच्या सह्या आहेत. त्यातली एक सही त्या दिवशी ‘नको, बाई’ म्हणणाऱ्या गृहस्थांची आहे. त्यांनी माझ्या घरी येऊन चहा घेताना मला सुकेळ्यांबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं आणि मग पेन मागितलं. परवा आजींना फोन केला. अजून काही ठरलेलं नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “माणसं किती असतील?” मी म्हटलं, शंभर तरी.

“मग मांडव दुसरा घालावा लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि बाय, तुमच्याकडे ऊन कसं आहे?”